इम्प्लांटवरचे दात किती वर्षं टिकणार? उत्तर आतल्या फ्रेमच्या आकारात

बेळगाव : दातांचे इम्प्लांट बसवायचे ठरले की घरात दोनच प्रश्न निघतात. इम्प्लांट कुठल्या कंपनीचे आणि एकूण खर्च किती? खर्च लाखांच्या घरात जात असल्याने दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण तिसरा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्या इम्प्लांटवर जी फ्रेम बसणार, ती उंचीला किती, जाडीला किती आणि शेवटच्या स्क्रूच्या मागे किती लांब जाणार?

माझ्या काकांनीही तो विचारला नव्हता. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी खालच्या जबड्यात चार इम्प्लांट आणि त्यावर पक्के दात बसवून घेतले. चार वर्षं झकास गेली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सगळं पुन्हा सुरू झालं. पाचव्या वर्षी एका रात्री जेवताना ‘कट्‌’ असा आवाज आला आणि उजव्या बाजूच्या दाढा हलू लागल्या. एक्स-रे काढला तेव्हा चारही इम्प्लांट हाडात घट्ट होते. मोडली होती ती फ्रेम, तीही बरोबर शेवटच्या स्क्रूच्या मागे.

त्या दुरुस्तीच्या निमित्ताने दंततज्ज्ञ, लॅबमधले टेक्निशियन आणि पुस्तके अशा तिन्हीकडे चकरा झाल्या. मी कॉमर्सचा माणूस, पण यातला बराचसा भाग तुळई आणि छज्जाच्या हिशेबासारखाच आहे, हे तेव्हा कळले. ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे, त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

नेमके काय काय बसवतात?

आपण सगळ्यालाच ‘इम्प्लांट’ म्हणतो, पण त्यात चार वेगवेगळे भाग असतात. पहिला, हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू. हाच खरा इम्प्लांट. दुसरा, त्यावर हिरडीतून वर येणारा जोड-तुकडा, ज्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात. तिसरा, सगळ्या इम्प्लांटना एकत्र बांधणारी धातूची किंवा झिरकोनियाची फ्रेम. चौथा, त्या फ्रेमवरचे दिसणारे दात आणि गुलाबी हिरडी. हे दात अ‍ॅक्रिलिकचे किंवा सिरॅमिकचे असतात.

एकच दात असेल तर फ्रेमचा प्रश्न छोटा असतो. तीन-चार दातांचा ब्रिज असेल तर तो मोठा होतो. आणि चार-सहा इम्प्लांटवर पूर्ण जबड्याचे दात उभे करायचे असतील, तर सगळा खेळ फ्रेमवरच येतो. या लेखात मुख्यतः याच पूर्ण जबड्याच्या पक्क्या दातांबद्दल बोलू.

स्वीडनमधली सुरुवात

हे तंत्र आले स्वीडनमधून. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ मध्ये सशाच्या हाडातला रक्तप्रवाह टायटॅनियमच्या नळकांडीतून पाहत होते. प्रयोग संपल्यावर ती नळकांडी हाडातून निघेना. हाड टायटॅनियमला धरून बसते, हे त्यातून लक्षात आले. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते इम्प्लांट काम देत होते. गोथेनबर्गच्या या चमूने १९८१ मध्ये आपल्या रुग्णांचा पंधरा वर्षांचा अहवाल छापला, आणि त्यानंतर जगभर हे तंत्र पसरले.

त्या काळची रचना साधी होती. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात पाच-सहा इम्प्लांट, त्यावर सोन्याच्या मिश्रधातूची ओतीव पट्टी आणि पट्टीवर अ‍ॅक्रिलिकचे दात. मागच्या भागात हाडाच्या आतून नस जाते, त्यामुळे तिथे इम्प्लांट बसवणे टाळले जाई. मग दाढा कुठे ठेवायच्या? पट्टी शेवटच्या इम्प्लांटच्या मागे तशीच अधांतरी पुढे काढायची. आपल्या घराचा छज्जा जसा भिंतीतून बाहेर येतो, तसाच हा प्रकार. इंजिनिअर याला कॅन्टिलिव्हर म्हणतात.

पुढे अनुभव वाढत गेला तसे दिसू लागले की हाडातले स्क्रू टिकतात, पण वरची कामे कुरकुर करतात. छोटे स्क्रू ढिले होतात, दात उडतात आणि काही वेळा पट्टी मोडते. पट्टी मोडण्याची ठरलेली जागा म्हणजे शेवटच्या इम्प्लांटच्या लगेच मागे, जिथे छज्जा सुरू होतो. काकांची फ्रेम तिथेच मोडली होती.

एकदाच जोर आला म्हणून मोडत नाही

दाढांवर पूर्ण जोराने चावले तर ५० ते ७० किलो वजनाइतका भार येऊ शकतो. रोजच्या जेवणात तो यापेक्षा बराच कमी असतो. पण असा भार रोज शेकडो वेळा, वर्षानुवर्षे येतो. लोखंडी तार एका झटक्यात तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. फ्रेमचेही तेच. आत बारीक चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि एके दिवशी मऊ भात खातानाही ती मोडू शकते. त्यामुळे ‘मी काही कडक खाल्लं नव्हतं’ ही रुग्णाची तक्रार खरीच असते.

दुसरी गोष्ट अशी की नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. खडा लागला की आपण लगेच थांबतो, ते या गादीमुळे. इम्प्लांटला ही गादी नाही. जास्त जोर लागतोय हे मेंदूला उशिरा कळते, आणि भार सरळ फ्रेमवर व स्क्रूवर जातो.

उंचीचा हिशेब

आता मूळ मुद्दा. छताला लाकडी वासे घालताना सुतार वासा आडवा नाही, उभा ठेवतो. लाकूड तेवढेच, पण उभे ठेवले की वाकत नाही. फ्रेमला हाच नियम लागू आहे.

पट्टीची रुंदी जितक्या पटीने वाढवावी, तितक्याच पटीने तिचा ताठपणा वाढतो. उंचीचे तसे नाही. ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उंचीला उंचीनेच दोनदा गुणायचे. उदाहरण घेऊ. पट्टी ४ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर उंच आहे. रुंदी एक मिलिमीटरने वाढवली तर ताठपणा सव्वापट होतो. पण तोच एक मिलिमीटर उंचीत दिला, तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. मोडण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे दीडपटीहून थोडी जास्त. धातू तोच, वजनातली वाढही तेवढीच, पण टिकाऊपणात मोठा फरक.

हे उलट दिशेनेही तितकेच खरे आहे. जागा कमी आहे म्हणून टेक्निशियनने एक मिलिमीटर घासून काढला, तर गेलेली ताकद एक मिलिमीटरची नसते, त्याहून खूप मोठी असते.

छज्जा किती लांब?

छज्जाचा नियमही असाच कडक आहे. मागे गेलेला भाग दुप्पट लांब केला तर टोकाचे वाकणे दुप्पट नाही, आठपट होते. दहा मिलिमीटरचा छज्जा पंधरा केला तरी वाकणे तिपटीहून अधिक वाढते. मुळाशी, म्हणजे जिथे फ्रेम मोडते त्या जागी येणारा ताण दीडपट होतो.

भार फक्त फ्रेमवरच येत नाही. पहारीने दगड उचलताना काय होते ते आठवा. पुढचा आणि मागचा इम्प्लांट यांत १० मिलिमीटर अंतर आहे आणि छज्जाही १० मिलिमीटर आहे असे समजा. टोकावर ३० किलोचा भार आला, तर कागदावरच्या सोप्या हिशेबाने मागच्या इम्प्लांटवर ६० किलोचा दाब येतो आणि पुढच्या इम्प्लांटचा स्क्रू ३० किलोच्या जोराने वर ओढला जातो. छज्जा १५ मिलिमीटरचा केला तर हेच आकडे ७५ आणि ४५ होतात. पुढचा स्क्रू सारखा ढिला होण्याचे कारण अनेकदा मागे असते, ते असे.

म्हणून दंततज्ज्ञ एक ठोकताळा वापरतात. सर्वांत पुढचा इम्प्लांट आणि दोन्ही बाजूंचे शेवटचे इम्प्लांट यांच्यातले पुढून मागचे अंतर मोजायचे. छज्जा त्या अंतराच्या फार तर दीडपट. हे अंतर १० मिलिमीटर असेल तर छज्जा १५ च्या पुढे नको. ही वरची मर्यादा आहे, गाठायचे उद्दिष्ट नव्हे. वरच्या जबड्यातले हाड मऊ असल्याने तिथे साधारण १० मिलिमीटरच्या आतच राहिलेले बरे. झोपेत दात खाणाऱ्या माणसाला याहूनही कमी.

पोर्तुगालमधल्या लिस्बनचे दंतचिकित्सक पाउलो मालो यांनी चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा ही पद्धत रूढ केली, त्यामागेही हाच विचार आहे. मागचे दोन इम्प्लांट सरळ न बसवता ४५ अंशांपर्यंत तिरके बसवतात. नस टळते, आणि इम्प्लांटचे डोके मागच्या बाजूला निघते. छज्जा आपोआप आखूड होतो. आपल्याकडेही जाहिरातींत ‘चार इम्प्लांटवर सगळे दात’ म्हणतात ते हेच. पण चारऐवजी सहा इम्प्लांट घातले म्हणून छज्जा आखूड होतोच असे नाही. इम्प्लांट किती यापेक्षा ते कुठे आहेत, हे महत्त्वाचे.

छेद कसा असावा?

पट्टी मधोमध कापली तर जो आकार दिसेल, तो तिचा छेद. रेल्वेचा रूळ किंवा गर्डर पाहा. वरखाली रुंद, मध्ये बारीक. वाकण्याचा ताण वरच्या आणि खालच्या कडेलाच सर्वांत जास्त असतो, म्हणून माल तिथे ठेवायचा आणि मधला वाचवायचा. दातांच्या फ्रेमलाही असा गर्डरसारखा किंवा जिभेच्या बाजूने उभी भिंत असलेला ‘एल’ आकाराचा छेद देतात. उभ्या भिंतीने उंची मिळते, आडव्या पायाने दातांना बैठक मिळते.

गवंड्याला विचारा, छज्जाची सळी कुठे घालायची? तो सांगेल, वरच्या बाजूला. आणि दोन खांबांमधल्या तुळईची? खालच्या बाजूला. कारण छज्जा टोकाला दबला की त्याची वरची कड ताणली जाते, तुळई मध्ये दबली की खालची. चीर नेहमी ताणलेल्या कडेला पडते. फ्रेममध्येही मागच्या लोंबत्या भागात चावण्याच्या बाजूची कड ताणली जाते, आणि दोन इम्प्लांटच्या मधल्या भागात हिरडीच्या बाजूची. त्या त्या कडेला खाच, टोकदार कोपरा, घासल्याचा ओरखडा किंवा स्क्रूचे भोक आले की चिरेला आयती जागा मिळते. शेवटच्या इम्प्लांटच्या स्क्रूचे भोक तर ताणाच्या जागेवरच येते. म्हणून तिथे भोकाभोवती भरपूर धातू हवा आणि कोपरे गोलाई दिलेले हवेत.

दोन दातांच्या मधला जोड हा तसाच नाजूक भाग. दात वेगवेगळे दिसावेत म्हणून टेक्निशियन तिथे खोल खाच घेतो. दिसायला सुंदर, पण ताकद तिथेच जाते. झिरकोनियाच्या मागच्या तीन दातांच्या ब्रिजमध्ये जोडाचा छेद साधारण ९ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, असे मानतात. म्हणजे तीन बाय तीन. ब्रिज लांबला की त्याहून जास्त. इथेही उंची आधी, रुंदी नंतर.

वरचे दात का उडतात?

पूर्ण फ्रेम मोडणे हे तसे कमी वेळा घडते. जास्त तक्रारी येतात त्या वरच्या थराचा टवका उडण्याच्या. यातही फ्रेमच्या आकाराचा हात असतो.

सिरॅमिक दाबाखाली मजबूत, ताणाखाली ठिसूळ. त्याच्या पाठीशी फ्रेमचा आधार सगळीकडे सारखा असला पाहिजे. त्यासाठी फ्रेम म्हणजे नुसती सपाट पट्टी नको. ती तयार दाताचीच छोटी आवृत्ती हवी. दाढेला जिथे उंचवटा, तिथे फ्रेमलाही उंचवटा. मग वरचा थर सगळीकडे साधारण एक ते दोन मिलिमीटरचा राहतो. फ्रेम सपाट ठेवून उंचवटे नुसत्या सिरॅमिकने भरले, तर तो जाड थर अधांतरी राहतो आणि तिथला टवका उडतो.

झिरकोनिया नवीन आला तेव्हा हीच चूक बऱ्याच ठिकाणी झाली. संगणक सगळीकडे सारख्या जाडीची पातळ टोपी बनवायचा आणि राहिलेली जागा सिरॅमिकने भरली जायची. टवके उडण्याच्या तक्रारी वाढल्या. नंतर फ्रेमला दाताचा आकार देणे आणि भट्टीतून काढताना हळू थंड करणे, या दोन सुधारणांनी फरक पडला. आता तर चावण्याच्या बाजूला अखंड झिरकोनिया ठेवतात आणि समोर दिसणाऱ्या भागावरच सिरॅमिकचा थर देतात. टवका उडत नाही, पण असे काम मोडलेच तर सांधता येत नाही, नवेच करावे लागते.

अ‍ॅक्रिलिकचे गणित वेगळे. ते फ्रेमला नीट चिकटत नाही, त्याला पकड लागते. फ्रेमवर उभे खुंट, वळसे, खाचा ठेवाव्या लागतात आणि अ‍ॅक्रिलिकला पुरेशी जाडी द्यावी लागते. पकड कमी पडली की दात सुटतात. ते झिजतातही. पण दुरुस्ती सोपी आणि स्वस्त, हा त्याचा फायदा.

धातू कुठला, आणि बनवला कसा?

आकार तोच ठेवला तरी मालानुसार वाकणे बदलते. कोबाल्ट-क्रोमियम हा टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट ताठ असतो. म्हणजे एकाच मापाची फ्रेम टायटॅनियममध्ये दुप्पट वाकेल. टायटॅनियम वाईट असे नाही, तो हलका आणि शरीराला मानवणारा आहे. पण त्याला उंची थोडी जास्त द्यावी लागते. झिरकोनिया ताठ असतो, पण धातूसारखा लवत नाही. ताण सहन झाला नाही की सरळ तुकडा पडतो. त्यामुळे लांब छज्जा आणि बारीक जोड त्याला अजिबात चालत नाहीत. शिवाय जास्त पारदर्शक, जास्त सुंदर दिसणारा झिरकोनिया हा जुन्या दुधी झिरकोनियापेक्षा कमी ताकदीचा असतो.

बनवण्याची पद्धत उद्यमबागेत काम केलेल्यांना वेगळी सांगायला नको. ओतीव काम थंड होताना आकसते, वाकते, कधी आत पोकळी राहते. घोड्याच्या नालेसारखी लांब फ्रेम ओतली की ती सगळ्या इम्प्लांटवर एकाच वेळी तंतोतंत बसणे अवघड. मग ती कापून पुन्हा जोडतात. हा जोड ताणाच्या जागी आला तर तोच पुढे मोडतो. आता बहुतेक ठिकाणी सीएनसी मशीनवर अखंड ठोकळ्यातून फ्रेम कोरून काढतात. आत पोकळी नसते आणि बसणीही चांगली मिळते. अर्थात, तोंडाचे माप चुकले असेल तर मशीन चुकीचीच फ्रेम अचूक कोरून देणार.

बसणी तपासण्याची एक सोपी चाचणी आहे. एका टोकाचा एकच स्क्रू पिळायचा आणि दुसरे टोक उचलले जाते का ते पाहायचे. उचलले गेले तर फ्रेम वाकडी. अशी फ्रेम सगळे स्क्रू जोराने पिळून बसवता येते, पण मग चावण्याआधीच ती कायमच्या ताणाखाली राहते.

खालची बाजू आणि जबड्याची लवचीकता

फ्रेमची हिरडीकडची बाजू रुग्णाला दिसत नाही, पण टिकाऊपणात तिचाही वाटा मोठा. ती किंचित फुगीर, गुळगुळीत आणि ब्रश जाईल इतकी मोकळी हवी. खोलगट असेल तर अन्न अडकते, हिरडी सुजते आणि हळूहळू इम्प्लांटभोवतीचे हाड झिजते. फ्रेम शाबूत राहून खालचा इम्प्लांटच गेला, तर तो तोटा सगळ्यांत मोठा.

आणखी एक बाब. तोंड पूर्ण उघडले की खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू अगदी किंचित आत येतात. इम्प्लांट फक्त पुढच्या भागात असतील तर याचा फारसा त्रास नाही. दोन्हीकडे पार दाढांपर्यंत इम्प्लांट असतील, तर एकसंध ताठ फ्रेम या हालचालीला अडवते. म्हणून अशा वेळी काही तज्ज्ञ फ्रेम दोन-तीन भागांत करतात.

जागा : सगळ्यात आधी मोजायची गोष्ट

वरचे सगळे वाचून वाटेल, मग फ्रेम चांगली उंच करा की! अडचण जागेची आहे. धातूच्या फ्रेमवर अ‍ॅक्रिलिकचे दात बसवायचे तर हिरडीपासून समोरच्या दातापर्यंत साधारण १२ ते १५ मिलिमीटर जागा लागते. अखंड झिरकोनियाला त्याहून थोडी कमी चालते. ज्यांचे दात बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेत, त्यांचे हाड झिजलेले असते आणि जागा आपसूक मिळते. पण ज्यांचे दात आता काढून लगेच इम्प्लांट बसवायचे आहेत, त्यांच्याकडे हाड भरपूर आणि जागा कमी असते.

जागा कमी असेल तर मार्ग तीन. इम्प्लांट बसवतानाच हाडाचा वरचा काठ थोडा घासून सपाट करायचा, चाव्याची उंची तज्ज्ञांच्या सल्ल्याने वाढवायची, किंवा रचनाच बदलायची. उदाहरणार्थ, दोन इम्प्लांटवर बसणारी, काढता-घालता येणारी कवळी. यातले पहिले काम शस्त्रक्रियेच्या दिवशीच होऊ शकते. एकदा इम्प्लांट हाडात धरले की ती वेळ गेली. मग टेक्निशियनच्या हातात फ्रेम बारीक करण्याखेरीज काही उरत नाही.

काकांच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. हाड न घासता इम्प्लांट बसवले गेले, जागा अपुरी पडली, फ्रेम बारीक झाली आणि तिच्या मागे दोन-दोन दाढांचा छज्जा निघाला. फ्रेम पाचव्या वर्षी मोडली, पण तिचे मोडणे पहिल्या दिवशीच ठरून गेले होते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. माझ्या तोंडात फ्रेमसाठी किती मिलिमीटर जागा आहे? ती कधी आणि कशी मोजली?
२. हाड घासावे लागणार का? लागणार असेल तर किती?
३. शेवटच्या इम्प्लांटच्या मागे फ्रेम किती मिलिमीटर जाणार? त्यावर एक दाढ की दोन?
४. फ्रेम कशाची, आणि ओतीव की मशीनवर कोरलेली?
५. वरचे दात अ‍ॅक्रिलिकचे, सिरॅमिकचे की अखंड झिरकोनियाचे? टवका उडाला तर दुरुस्ती कशी होते?
६. पक्के दात करण्याआधी काही महिने तात्पुरते दात वापरून पाहायला मिळतील का?
७. एका स्क्रूची चाचणी करून बसणी पाहणार का?
८. खालून साफ करण्यासाठी ब्रश कुठून घालायचा?
९. वॉरंटी नेमकी कशावर? फक्त इम्प्लांटवर की फ्रेमवर आणि दातांवरही?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. काकांच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेली हमी फक्त हाडातल्या स्क्रूची होती.

बसवल्यानंतर काय सांभाळावे?

सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी चुकवू नये. चावताना ‘टिक’ असा आवाज, किंचित हालचाल, एका बाजूला नव्याने अडकू लागलेले अन्न, तोंडाला येणारा वास किंवा हिरडीतून रक्त, यातले काहीही दिसले तर थांबू नये. एक ढिला स्क्रू वेळेत पिळला तर खर्च थोडाच. तसाच चालवला तर भार उरलेल्या स्क्रूंवर आणि फ्रेमवर जातो आणि काम वाढते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर आधीच सांगावे, झोपताना घालायचे संरक्षक कव्हर बनवून मिळते. सुपारी, बर्फ, उसाचे कांडे दातांनी फोडणे बंद.

दुसरे मत घ्यायचे असेल तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ यांची दंत महाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञांना प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. जाताना जुने एक्स-रे, स्कॅन आणि इम्प्लांटचे कार्ड सोबत न्यावे. कार्डावर कंपनी आणि माप लिहिलेले असते, ते नसेल तर पुढे साधा स्क्रू मिळवणेही जिकिरीचे होते.

काकांची नवी फ्रेम मशीनवर कोरलेली आहे. चाव्याची उंची तज्ज्ञांनी दोन मिलिमीटरने वाढवली, तेवढी उंची फ्रेमला मिळाली, आणि मागे दोनऐवजी एकच दाढ ठेवली. एक दाढ कमी झाली म्हणून सुरुवातीला ते नाराज होते. “पैसे पूर्ण बत्तीशीचे आणि दाढ एक कमी,” असे दोन-तीनदा ऐकवलेही. आता तो विषय काढत नाहीत. भाकरी मात्र दोन्ही बाजूंनी चावतात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येकाच्या तोंडाची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे उपचाराचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)